दोन जीवांची एक गोळी



या सदरात आपण एरवी ठेवी, नामनिर्देशन, आरोग्यविमा, मृत्युपत्र अशा विषयांचा विचार करतो. या महिन्याचा विषय त्या चाकोरीबाहेरचा आहे, आणि आपल्या घरच्या मासिकात तो वाचताना काहींना संकोच वाटेल याची मला कल्पना आहे. तरीही तो घेतला, कारण प्रश्न आपल्यातीलच एका व्यावसायिकाने विचारला.

चाकणजवळ पॅकिंगचे खोके तयार करण्याचा छोटा कारखाना चालविणारे माझे एक तरुण परिचित दोन महिन्यांपूर्वी घरी आले होते. कर्जाच्या नूतनीकरणाचे कागद पाहून झाल्यावर ते चाचरत म्हणाले, "काका, कामावर एक बाई आहे, पाच महिन्यांची गरोदर. दर महिन्याला एक दिवस रजा घेऊन पिंपरीला जाते. सुपरवायझरने तिच्या पिशवीतला दवाखान्याचा कागद पाहिला. एचआयव्ही आहे तिला. आता बाकीच्या बायका तिच्या शेजारी डबा खायला बसत नाहीत. तिला नियमाने कमी करता येईल का?"

ते तिचे नाव सांगू लागले, तेव्हा मी त्यांना थांबविले. बँकेच्या नोकरीत एक गोष्ट अंगवळणी पडलेली आहे. ज्याचे खाते, माहिती त्याची. "नियमाने कमी करता येत नाही," एवढे उत्तर मी तिथल्या तिथे दिले. परंतु त्यांच्या चेहऱ्यावरची खरी भीती निराळी होती. ती बाई आजारी पडेल, मूलही तसेच जन्मेल, मग आपण काय करायचे, ही ती भीती. तिचे उत्तर मला नीट देता येईना. म्हणून गेले दोन महिने या विषयाचे वाचन केले आणि जाणत्या डॉक्टरांना विचारले. त्यातून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवतो. मात्र त्याआधी माझ्याच खात्यातील एक जुने देणे सांगितले पाहिजे.

जुने देणे

१९९६ चा पावसाळा. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका शाखेत मी अधिकारी होतो. विशीतली एक विधवा कडेवर सहा-सात महिन्यांचे मूल घेऊन, मृत पतीच्या बचत खात्यातील रक्कम काढण्यासाठी आली. पती मालमोटार चालवीत असे. त्याचे आजारपण कशाचे होते याची कुजबूज तिच्याआधीच शाखेत येऊन पोचली होती. अंगठ्याचा ठसा घेण्यासाठी शिपायाने शाईचा पॅड लांबूनच तिच्याकडे सरकविला आणि ती उठल्यावर तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. मी ते पाहिले आणि काही बोललो नाही.

रक्कम मोजून घेतल्यावर तिने विचारले, "साहेब, बाळाच्या नावानं खातं काढता येईल का? यातले थोडे त्यात टाकते." आईला पालक म्हणून नोंदवून असे खाते उघडता आले असते. पण माझ्या मनात आले, हे मूल किती दिवसांचे? मी म्हणालो, "बाई, पुढच्या आठवड्यात या. आज फॉर्म संपलेत." फॉर्म खणात होते. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. ती पुन्हा आली नाही.

आज या विषयाचे आकडे वाचताना माझी चूक मला दोन अंगांनी दिसते. माणुसकीची चूक तर उघडच आहे. पण हिशेबाचीही चूक होती. एचआयव्ही असलेल्या मातेने काहीही औषध घेतले नाही, तरी बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे औषध नसतानाही निम्म्याहून अधिक मुले या विषाणूपासून मुक्त राहतात. ते मूल निरोगी असण्याची शक्यताच अधिक होती. वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर पदवीधर, आयुष्यभर जोखमीचे गणित मांडणारा मी, तेवढे गणित मांडले नाही.

औषधाचा प्रवास

एचआयव्हीचा विषाणू रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशींत शिरतो आणि तेथे स्वतःच्या प्रती काढतो. औषधे हे प्रती काढण्याचे काम थांबवितात. विषाणू शरीरातून समूळ जात नाही, पण रक्तातील त्याचे प्रमाण इतके खाली येते की चाचणीतही तो सापडत नाही. आईकडून बाळाकडे तो तीन वेळी जाऊ शकतो. गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी आणि अंगावरच्या दुधातून. आईच्या रक्तातच विषाणू नगण्य असेल, तर या तिन्ही वाटा जवळजवळ बंद होतात.

हे प्रथम सिद्ध झाले १९९४ मध्ये, अमेरिका व फ्रान्समध्ये झालेल्या अभ्यासात. झिडोव्हुडिन हे औषध गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी आणि नंतर सहा आठवडे बाळाला दिल्यावर संसर्गाचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवरून सुमारे ८ टक्क्यांवर आले. म्हणजे ती विधवा माझ्या टेबलासमोर उभी होती, तेव्हा जगात उपाय सापडून दोन वर्षे झाली होती. पण तो महाग होता, लांबलचक होता आणि आपल्याकडच्या सामान्य बाईपर्यंत पोचलेला नव्हता. १९९९ मध्ये युगांडातील अभ्यासाने स्वस्त मार्ग दाखविला. बाळंतकळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि जन्मानंतर बाळाला त्याच औषधाची एक मात्रा, एवढ्यानेही प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येत होते. आपल्या देशाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ च्या सुमारास याच मार्गाने सुरू झाला.

पुढच्या वाटचालीत आपल्या पुण्याचा वाटा मोठा आहे आणि तो आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व ससून रुग्णालयाने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने या विषयावर दीर्घकाळ काम केले. बाळाला एकाच मात्रेऐवजी सहा आठवडे रोज नेव्हिरापिन दिले तर काय होते, याचा अभ्यास इथिओपिया, युगांडा आणि पुणे येथे झाला व २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांच्या वयाला संसर्गाचे प्रमाण ५.३ टक्क्यांऐवजी २.५ टक्के आढळले. परंतु सहा महिन्यांपर्यंत हा लाभ बराचसा विरला. कारण उघड होते. बाळाचे औषध थांबले, पण आईचे दूध चालू होते आणि आईवर उपचार नव्हते. केवळ बाळाला जपून भागत नाही, आईवरच पूर्ण उपचार झाले पाहिजेत, हा धडा त्यातून मिळाला. नंतरच्या, सात देशांतील मोठ्या अभ्यासातही पुण्याच्या माता सहभागी होत्या. गरोदरपणातच आईला तीन औषधांचे उपचार दिल्यावर बाळांतील संसर्ग अवघ्या ०.५ टक्क्यावर आला, असे २०१६ मध्ये जाहीर झाले. दोनशे बाळांमागे एक. शंभरात पंचवीस ते दोनशेत एक, एवढे अंतर बावीस वर्षांत कापले गेले.

आपल्या देशात सरकारी केंद्रांतून हे उपचार १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागले. २०१४ पासून प्रत्येक एचआयव्हीबाधित गरोदर स्त्रीला, तिची प्रकृती कशीही असो, तीन औषधांचे आजन्म उपचार देण्याचे धोरण आले. आज टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधे एकाच गोळीत येतात. दिवसाला एक गोळी. डोल्युटेग्राव्हिरमुळे गर्भाच्या मज्जारज्जूत दोष निर्माण होतो की काय, अशी शंका २०१८ मध्ये बोट्स्वानातील नोंदींवरून निघाली होती. अधिक बाळांची माहिती जमा होत गेली तशी ती मावळली, आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध गरोदर स्त्रियांनाही सुचविले. कोणी ती जुनी बातमी दाखवून घाबरविले, तर हा पुढचा भागही सांगावा.

नऊ महिन्यांचे वेळापत्रक

पहिली पायरी चाचणीची. गरोदरपणाची नोंद करताना रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर यांबरोबर एचआयव्ही व सिफिलिस यांची तपासणीही सुचविली जाते. ती सर्वांसाठीच असते. एखाद्या सुनेच्या चारित्र्यावर तो शेरा नसतो. चाचणी तिच्या संमतीने व्हावी आणि निष्कर्ष तिलाच सांगितला जावा, असा नियम आहे. शासकीय व महापालिकेच्या रुग्णालयांतील समुपदेशन केंद्रांत ही सोय विनामूल्य आहे. पिंपरीत संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात उपचार केंद्रही आहे. शंका विचारण्यासाठी १०९७ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक मोफत आहे. खासगी रुग्णालयात नाव घातलेल्या स्त्रीलाही सरकारी केंद्रातून औषध घेता येते.

निदान झाल्यावर गोळी लगेच सुरू करावयाची आणि रोज ठरलेल्या वेळी घ्यावयाची. कर्जाचे हप्ते थकले तरी खाते एनपीए होण्यास बँक नव्वद दिवस देते. विषाणू एवढी सवलत देत नाही. गोळ्या वारंवार चुकल्या की त्याचे प्रमाण वाढते आणि तो औषधाला दाद देईनासा होतो. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट डॉक्टरांनी मला आवर्जून सांगितली. गरोदर स्त्रीला लोह व कॅल्शियमच्या गोळ्या असतातच. त्या उपाशीपोटी या गोळीबरोबर घेतल्या, तर डोल्युटेग्राव्हिर नीट शोषले जात नाही. म्हणून एकत्र घ्यावयाच्या तर जेवणासोबत, अन्यथा मुख्य गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. आपल्या डॉक्टरांकडून वेळा लिहून घ्याव्यात. बत्तीस ते छत्तीस आठवड्यांच्या दरम्यान रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजले जाते आणि त्यावरून बाळाचे औषध ठरते. केवळ एचआयव्ही आहे म्हणून पोट फाडून प्रसूती करावी लागत नाही. नैसर्गिक प्रसूती होऊ शकते. ती रुग्णालयात व्हावी, हे महत्त्वाचे.

जन्मानंतर बाळाला साधारणतः सहा आठवडे पातळ औषध द्यावे लागते. आईच्या उपचारांना उशीर झाला असेल, तर अधिक काळ किंवा दोन औषधे. दुधाविषयी आपल्याकडे फार गोंधळ आहे. पूर्वी अशा मातांना अंगावर पाजू नका असे सांगितले जाई. पण डॉ. मृदुला फडके व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पुण्यातील अनुभव प्रसिद्ध केला. वरच्या दुधावर वाढविलेली अशी बाळे पहिल्या काही महिन्यांत आजारी पडून मोठ्या प्रमाणावर रुग्णालयात दाखल होत होती. आज आईचे उपचार नीट चालू असतील, तर पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे असा सल्ला दिला जातो. केवळ या शब्दावर भर आहे. मध चाटविणे, बाळगुटी, ग्राइप वॉटर, अधूनमधून गाईचे दूध अशी सरमिसळ सर्वांत धोक्याची, कारण तिने बाळाच्या आतड्याच्या नाजूक अस्तराला इजा होते आणि विषाणूला वाट मिळते. आजीच्या मायेने दिलेला गुटीचा वेढा येथे घातक ठरू शकतो.

बाळाची तपासणी सहा आठवड्यांना, टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन, विषाणूचाच शोध घेणाऱ्या चाचणीने होते. पुढे ठरावीक टप्प्यांनी ती पुन्हा होते आणि अखेरचा निर्णय अठरा महिन्यांना, अंगावरचे दूध त्यानंतरही चालू असेल तर ते सुटल्यावर, दिला जातो. मधल्या काळात कोणी बाळाची नेहमीची प्रतिपिंड चाचणी केली व ती सदोष आली, तर हाय खाऊ नये. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात आलेली असतात आणि वर्ष-दीड वर्ष रेंगाळतात.

घर, माहेर आणि कारखाना

क्युबाने २०१५ मध्ये आणि शेजारच्या श्रीलंकेने २०१९ मध्ये मातेकडून बाळाला होणारा हा संसर्ग संपुष्टात आणल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. औषध तेच आहे, जे पिंपरीत फुकट मिळते. मग अडते कोठे? माझ्या समजुतीप्रमाणे ते तीन उंबरठ्यांवर अडते.

पहिला उंबरठा सासरचा. "रोज कसली गोळी घेतेस?" या प्रश्नाच्या धास्तीने गोळ्या डाळीच्या डब्यात लपतात आणि पाहुणे आले की चुकतात. "आपल्यात असे नसते" हा समजही येथलाच. भोसरीतच १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. कोरोनाच्या काळात दूरचित्रवाणीवर आपण ज्यांना रोज ऐकत होतो, ते डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देहविक्रयाशी संबंध नसलेल्या, बहुतांशी विवाहित व पतीशी एकनिष्ठ स्त्रियांपैकीही सुमारे १४ टक्के स्त्रियांना एचआयव्ही आढळला. त्यांच्या घरात तो पतीमार्फत आला होता. यास्तव गरोदर पत्नीबरोबर पतीनेही तपासणी करून घेणे, हाच सुज्ञपणा. पत्नीची पहिली तपासणी निर्दोष आली आणि गरोदरपणात पतीकडून संसर्ग झाला, तर नव्या संसर्गात विषाणूचे प्रमाण फार असते व बाळाला धोकाही मोठा असतो.

दुसरा उंबरठा माहेरचा. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली प्रिय रीत. चाकण पट्ट्यातील कामगार स्त्रियाही सातव्या-आठव्या महिन्यात मराठवाड्यात, विदर्भात किंवा थेट बिहार-उत्तर प्रदेशात जातात. उपचारांची साखळी नेमकी तेथे तुटते. आपण बँकेचे खाते दुसऱ्या शाखेत वर्ग करतो, तसे उपचारही दुसऱ्या केंद्राकडे वर्ग करता येतात. निघण्यापूर्वी केंद्रातून पत्र व पुरेशा गोळ्या घ्याव्यात आणि प्रसूती कोठे होणार हे आधीच ठरवावे.

तिसरा उंबरठा आपला, म्हणजे दुकान व कारखाना चालविणाऱ्यांचा. महिन्यातून एक दिवस पगार कापला जातो, शिवाय कारण विचारले जाते, आणि कारण कळले तर डब्याची पंगत मोडते. अशा वेळी ती बाई रजा टाळते. रजा टाळली की गोळ्या संपतात. २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार केवळ या कारणावरून कोणासही नोकरीवरून काढता येत नाही, नोकरीसाठी चाचणीची अट घालता येत नाही, आणि दुसऱ्याची अशी माहिती त्याच्या संमतीविना उघड करता येत नाही. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमावयाचा असतो. सोबत जेवल्याने, एकच नळ, भांडी वा स्वच्छतागृह वापरल्याने हा संसर्ग होत नाही, हे तर आता शाळेतील मुलेही जाणतात.

आपण औषधदान व अभयदान हे शब्द प्रवचनांत नेहमी ऐकतो. येथे औषध सरकार देते. अभय देणे तेवढे आपल्याकडे राहिले आहे, आणि त्याचा खर्च महिन्याला एक भरपगारी रजा, तीही कारण न विचारता.

हे सारे मी त्या परिचितांना सांगितले. त्यांनी सुपरवायझरला बोलावून कानउघाडणी केली, सर्वच गरोदर स्त्रियांना तपासणीसाठी महिन्यातून एक भरपगारी दिवस देण्याचे ठरविले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतः डबा घेऊन कामगारांच्या जेवणाच्या जागी जाऊन बसले. काही बोलले नाहीत, फक्त जेवले. दोन बायका अजूनही लांबच बसतात, असे परवा फोनवर म्हणाले. बदल एका दुपारीत होत नाही.

मी त्यांच्याकडे एक काम मागून घेतले आहे. कारखान्यातील ज्या कोणा कामगाराला आपल्या मुलाच्या नावाने बचत खाते उघडावयाचे असेल, त्याचा फॉर्म मी भरून देईन आणि पहिल्या भरण्याचे पाचशे रुपये माझ्याकडून. आतापर्यंत अकरा फॉर्म आले. दिवाळीनंतर आणखी काही येतील. त्यांत तिच्या बाळाचा फॉर्म कोणता, हे मला कळणार नाही, आणि ते मला कळण्याचे कारणही नाही.